नवरदेवाच्या हातची भाकरी

भाकरीचा पहिला घास काका डोळे मिटून खायचे. घर कोणाचंही असो, भाकरी गोल असो की वाकडी, करपलेली असो की कच्ची. घास तोंडात गेला की डोळे मिटायचे, मान जराशी वर व्हायची आणि जबडा इतका सावकाश हलायचा की बघणाऱ्यालाच भूक लागावी. तोवर घरातली सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. कारण त्या घासावर त्या घरातलं लग्न अडलेलं असायचं.

काका आमच्या वाडीतले बौद्धाचार्य. आमच्या समाजात लग्न, नामकरण, घरभरणी, कोणी गेलं तर त्याचा विधी, हे सगळं बौद्धाचार्य करतात. नोकरी त्यांनी वरंध घाटाच्या रस्त्यावर केली. मुकादम होते. दरड आली की माणसं घेऊन जायचं आणि रस्ता मोकळा करायचा. दरडीखाली काम करणाऱ्याला वरून हाक मारून मारून त्यांचा आवाज असा झाला होता की विहारात माईक बंद पडला तरी कोणाला कळत नसे. रिटायर झाले तरी कामावरची शिटी त्यांनी सोडली नाही. लग्नाला जाताना पांढरा शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत घ्यायचे, मांडवाजवळच्या झाडामागे जाऊन बदलायचे आणि बाहेर आले की शिटी वाजवायचे. नाचणारी मुलं थांबायची, डीजेवाला थांबायचा, लग्न सुरू व्हायचं.

पण त्याआधी त्यांची अट असायची. ज्याचं लग्न लावायचं त्या मुलाच्या घरी ते आधी जायचे. मुलाने स्वतःच्या हाताने तांदळाची भाकरी करायची. पाणी तापवण्यापासून भाकरी तव्यावरून उतरवण्यापर्यंत. काका ती खाणार आणि मग "हो" म्हणणार. जमली नसेल तर "परत येतो" म्हणायचे. "नाय" असं कधी म्हणाले नाहीत.

लोक हसायचे. "आम्हाला बौद्धाचार्य पाहिजे होता, हा तर आचारी निघाला," असं विहाराच्या पायरीवर बसलेले म्हातारेच म्हणायचे. मुंबईहून आलेली मुलं विचारायची, "काका, चायनीज चालेल काय?" काका म्हणायचे, "चालेल. आधी भाकरी कर, नंतर ते पण कर. मी जेवूनच आलो नाय." काही लोक चिडून दुसरीकडून बौद्धाचार्य आणायचे आणि काका त्या लग्नालाही जायचे, आहेर द्यायचे, पंक्तीत वाढायला उभे राहायचे. राग धरणं त्यांना जमत नसे. मुलींच्या आया मात्र काकांनाच बोलवा म्हणून नवऱ्याच्या मागे लागायच्या. उघड नाही, हळूच.

नाते गावच्या एका मुलाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. मुंबईत मोठ्या दुकानात कामाला होता. मोबाईलवर बघून भाकरी शिकून आला होता. पण मोबाईलवरची भाकरी ज्वारीची असावी. त्याने तांदळाचं पीठ गार पाण्यात मळलं. थापायला घेतलं तर कडा फाटतात, उचलायला गेलं तर तुकडे. दारात अख्खी वाडी जमलेली. आजी ओरडतेय, "अरे मेल्या, उकळतं पाणी घाल, उकड काढ!" आणि काका आजीला म्हणतायत, "तुम्ही बोलू नका. तुम्ही सांगितलंत तर भाकरी तुमची होईल." शेवटी तव्यावर जे पडलं ते काकांनी डोळे मिटून खाल्लं. सगळे वाट बघतायत. काका म्हणाले, "मीठ बरोबर हाय. परत येतो." ते परत गेले, आणि तिसऱ्यांदाही गेले. त्या मुलाला आता दोन मुलं आहेत आणि बायको बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा त्याने आईला हातात ताट दिलं, असं त्याची आई बाजारात भेटली की अजून सांगते.

काकांची आणखी एक खोड होती. जिथे बाई उभी असेल तिथे ते बसायचे नाहीत. कोणाच्या घरी गेले आणि घरातली बाई दाराला टेकून उभी असली की हेही उभे. "बसा काका." "ताईंना बसू दे." आता आमच्या बायका कुठे अशा बसतात? मग काका उभे, घरधनी उभा, चहा गार होतोय. शेवटी त्या बाईलाच मेल्याहून मेल्यासारखं होऊन ती जमिनीवर टेकायची आणि मग काका बसायचे. त्यांना वाटायचं मान दिला. त्या बाईला वाटायचं कधी एकदा हा माणूस जातोय.

माझ्या बाबतीत तर त्यांनी कहरच केला होता. लग्न होऊन मी या वाडीत नवीन आले होते. काका अंगणात आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले.

"काय गो, नाव काय तुझं?"

सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याची बायको."

"ते कळलं. नाव काय?"

मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली. शाळेतसुद्धा हजेरीला माझ्या वाटचं "हजर" शेजारची मुलगी म्हणायची. मी तांब्याच पुढे केला. काका म्हणाले, "नाव कळल्याशिवाय पाणी घेणार नाय." ऊन मी म्हणत होतं. ते उभे, मी उभी. शेवटी मी नाव सांगितलं.

"ऐकू नाय आलं."

परत सांगितलं. तेव्हा त्यांनी ते नाव घाटातल्या आवाजात असं उच्चारलं की पऱ्ह्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनीही माना वळवल्या. काका खूश होऊन पाणी प्यायले. मी पुढे कितीतरी दिवस ते दिसले की मागच्या दाराने जायची. त्यांचा हेतू चांगला होता हे मला तेव्हाही कळत होतं. पण हेतू चांगला असला म्हणून लाज वाटायची थांबत नाही.

काकांपेक्षा माझं काकींशी जमायचं. काकी बोलायला तिखट. वाल सोलत आम्ही ओट्यावर बसलो की काका समोरून शर्टाची गुंडाळी घेऊन निघायचे आणि काकी म्हणायच्या, "निघाले जगाच्या भाकऱ्या खायला. घरी माझ्या हातची आवडत नाय ह्या माणसाला." काका म्हणायचे, "तुझी परीक्षा झाली, तू पास हायेस." "मी पास हाय, माझी परीक्षा घेणारा नापास हाय," असं काकी म्हणायच्या, आणि काका हसत हसत निघून जायचे.

ही भाकरी कुठून आली ते काकींनीच मला सांगितलं.

लग्नात आमच्याकडे नवरा-नवरीकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतात. बायकोचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही, असं नवऱ्याने सगळ्यांसमोर म्हणायचं असतं. बौद्धाचार्य सांगतो, मागून नवरा बोलतो. पोलादपूरकडच्या एका वाडीत काकांनी असंच एक लग्न लावलं. ती मुलगी पाऊस संपायच्या आत माहेरी परत आली. हात गळ्यात बांधलेला. नवरा कामावरून आला तेव्हा भाकरी तव्यावर होती, ताटात नव्हती, एवढंच झालं होतं. काका तिला बघायला गेले. तिने त्यांना विचारलं, "काका, त्यांनी प्रतिज्ञा सगळी म्हटली होती ना? की काय राहिली होती?"

"घरी आला तो तडक आत," काकी म्हणाल्या. "चुलीपुढे बसला नि म्हणाला, मला भाकरी शिकव. मी म्हटलं डोकं फिरलं काय? एवढी वर्षं संसार केला, मीठ कुठल्या डब्यात असतं ते माहीत नव्हतं ह्याला. शिकवली. पहिला पावसाळा करपलेली खाल्ली मी."

तेव्हापासून काकांचं एक म्हणणं झालं. भाकरीला किती वेळ लागतो हे ज्याच्या हाताला माहीत आहे, तो भाकरीसाठी हात उचलणार नाही. हे ते इतक्या खात्रीने सांगायचे की मलाही ते पटलं होतं. माझी मुलगी लग्नाची होईपर्यंत.

माझी सोनल बी. कॉम. झाली आणि महाडला औषधांच्या दुकानात हिशेबाला लागली. तिच्यासाठी वरंधच्या बाजूचं एक स्थळ आलं. मुलगा पनवेलला कंपनीच्या कॅन्टीनला सुपरवायझर. दिसायला चांगला, बोलायला गोड, निर्व्यसनी. सोनललाही पसंत. आमच्या ह्यांना तर जग जिंकल्यासारखं झालं होतं. हे एमआयडीसीत कामाला, सगळ्यांना पेढे वाटून मोकळे झाले. आता राहिली होती फक्त काकांची भाकरी, आणि ती तर गंमतच होती, कारण मुलगा कॅन्टीनवाला.

काका म्हणाले, "ह्या वेळी पोरीकडचं कोणतरी सोबत पाहिजे." ह्यांची कंपनीत पहिली पाळी होती. मग मला नेलं. मिनिडोर रिक्षात मी एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, मध्ये माणसं नि मासळीची टोपली. वाटेत ते माझ्याशी बोलत होते आणि मी टोपलीकडे बघत होते.

घर चांगलं होतं. लादी घातलेली, पण मागच्या पडवीत चूल ठेवलेली. काकांना भाकरी चुलीवरची लागते हे त्यांना आधीच कळलं होतं. मुलगा हसतमुख. बाह्या सरसावून बसला. "काका, किती भाकऱ्या खाणार बोला." त्याने पाणी उकळलं, पीठ घातलं, उकड झाकून ठेवली, मळली. हात असा चालत होता की मी बघतच राहिले. भाकरी थापताना परातीत आपसूक गोल फिरत होती. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, निखाऱ्याला लावली. टम्म फुगली. माझ्या हातची अशी क्वचित होते.

मुलाची आई चुलीच्या बाजूला उभी होती. बारीक अंगाची. काका आल्या आल्या म्हणाले होते, "ताई, तुम्ही बसा." ती बसली होती, पण अशी, की एक गुडघा वर. कधीही उठता यावं.

काकांच्या ताटात भाकरी पडली. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मुलाचे वडील, मामा, दारातली माणसं. काकांनी तुकडा मोडला, तोंडात घातला, डोळे मिटले. मला लोकांच्या तोंडाकडे बघायची सवय नाही, म्हणून मी चुलीकडे बघत होते.

मुलगा दुसऱ्या भाकरीचं पीठ मळायला बसला होता. त्याने मागे न बघता हात केला. आईने त्या हातात पेला दिला. त्याने बोट बुडवून बघितलं. पाणी निवलं असावं. त्याने तो पेला तिच्या पायापाशी ओतला. फेकला नाही, ओतला. सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत. आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "अक्कल नाय तुला. किती वेळा सांगायचं?"

तिने पदराच्या टोकाने लादी पुसली, आणि मग कोणी बघितलं का म्हणून तिने वर पाहिलं. तेव्हा आमची नजरानजर झाली.

"वा!" काकांनी डोळे उघडले. "हो. माझं हो."

सगळे हसायला, बोलायला लागले. मुलाने दुसरी भाकरी माझ्या ताटात वाढली. "आई, तुम्ही पण खा." मी खाल्ली. उत्तम झाली होती.

निघताना ती बाई आम्हाला वळणापर्यंत सोडायला आली. काका पुढे होते. तिने माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा घातल्या आणि पिशवीची गाठ मारता मारता म्हणाली, "पोरगी कामाला जाते ना तुमची? ते सोडू देऊ नका हां. कोण काय पण बोलू दे." एवढं बोलून ती मागे फिरली.

थांब्यावर जांभळीखाली आम्ही मिनिडोरची वाट बघत उभे होतो. काका खुशीत होते. "मी म्हातारा झालो गो, पण अशी भाकरी कुठल्या पोराने खायला घातली नव्हती." मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत होते. मला बोलायचं होतं. एकीकडे वाटत होतं, सोनलला पसंत आहे, ह्यांनी पेढे वाटलेत, पेलाभर पाण्यासाठी मी काय बोलू. दुसरीकडे ती बाई लादी पुसताना डोळ्यांपुढून जात नव्हती. तिच्या जागी मला सोनल दिसत होती.

"काका," मी म्हटलं, "त्याने पाणी सांडलं."

"काय?"

मी सांगितलं. जमेल तसं.

काका म्हणाले, "अगो, घाईत माणूस बोलून जातो. चुलीपुढे बसलं की तापतं डोकं. माझं पण तापतं."

"तुम्ही डोळे मिटले होते," मी म्हटलं.

तेवढ्यात मिनिडोर आली. ड्रायव्हर म्हणाला, "चला मुकादम." काकांनी हाताने त्याला जा म्हणून खूण केली. गाडी गेली. ते मला म्हणाले, "परत सांग. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं. बाईचा वर केलेला गुडघा, मागे न बघता पुढे केलेला हात, पाणी कसं ओतलं ते. घरातल्या माणसांशीही मी एका वेळी एवढं बोलले नव्हते. काका एकदाही मध्ये बोलले नाहीत. बाईने वळणावर जे सांगितलं ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते तिने मला दिलं होतं.

ऐकून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हणजे हाताला माहीत असून काय उपयोग नाय." मग एकदम मुकादमाच्या आवाजात, "चल, परत जाऊ. आत्ता जाऊन सांगतो त्याला, लग्न मोडलं म्हणून."

"नको," मी म्हटलं. "सोनलचं लग्न आहे. तिला विचारू."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसायला गेले, मी उभी आहे हे बघून परत उठले, आणि पुढची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

घरी हे ऐकून आमचे हे डोक्याला हात लावून बसले. "पेलाभर पाण्यापायी लग्न मोडायचं? लोक काय म्हणतील? मी तुला कधी बोललो नाय काय? तू गेलीस कुठे सोडून?" हे बोलले आणि स्वतःच विचारात पडले.

सोनल सगळं शांतपणे ऐकून घेत होती. तिला मी वळणावरचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलाला महाडच्या एसटी स्टँडवर भेटायला बोलवलं आणि सरळ विचारलं. तो हसला. म्हणाला, "अगं, आईला बोललो. तुला थोडीच बोललो?"

सोनल घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "आई, नको."

मग पुढच्या रविवारी मुलाकडची माणसं विहारात आली. बोलायला मुलाचा मामा. मोठा माणूस, शब्दाचा पक्का, आणि त्याचा राग खोटा नव्हता. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर आम्ही बायका. काका खांबाजवळ उभे.

"तुम्ही हो म्हणालात, काका," मामा म्हणाला. "दहा लोकांसमोर. भाकरी खाऊन. आता पोराला दुसरी पोरगी देताना लोक विचारतील, भाकरीवाल्याने नाकारला तो काय म्हणून."

"मी चुकलो," काका म्हणाले. "मी डोळे मिटले होते."

मागून कोणीतरी म्हणालं, "आचारीबुवांची चव गेली वाटतं." माणसं हसली. काकांच्या इतक्या वर्षांच्या अटीला सगळे एकदम हसले, असं मला वाटलं. आता ही भाकरी बंदच पडणार. ज्या घरात ती व्हायची तिथे हेच सांगतील, तुमच्या काकांना तरी कुठे कळतं. मामा म्हणाला, "तुम्ही डोळे मिटले होतेत ना? मग बघितलं कोणी? का हवेतून आलं?"

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते माझं नाव घेणार, त्या अंगणातल्यासारखं, घाटातल्या आवाजात. मी पदर घट्ट धरला. काकांनी माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि खांबाला पाठ लावून सतरंजीवर खाली बसले.

काका जमिनीकडे बघत होते. मामा इकडेतिकडे बघत होता. हे खुर्चीत मागे वळून बघत होते. मला कोणी ढकललं नाही, कोणी उठ म्हटलं नाही. न उठते तरी चाललं असतं. मी उठले.

आधी मी माझं नाव सांगितलं. कोणी विचारलंही नव्हतं. मग म्हटलं, "मी बघितलं. आणि मी बघितलं म्हणून सांगते, त्या ताईंनी मला काही सांगितलेलं नाही. त्यांना घरी कोणी बोलू नका. मुलगा कामाचा आहे, भाकरी माझ्यापेक्षा चांगली करतो. पण माझ्या मुलीने त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, आईला बोललो, तुला थोडीच. माझी मुलगी पण उद्या कोणाची तरी आई होणार."

मामा ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "तुमचं काय म्हणणं?"

हे म्हणाले, "तिने सांगितलं ना? तेच."

मी अजून उभीच होते. आणि काका बसलेले होते. मी उभी असताना काका बसलेले मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर काकांना बोलावणी कमी झाली, पण भाकरी बंद पडली नाही. फरक एवढाच की काका एकटे जाईनासे झाले. एखाद्या बाईला सोबत न्यायचे, बहुतेक वेळा मलाच. घरात शिरताना सांगायचे, "मी खातो, ही बघते." आणि पहिला घास ते आता डोळे उघडे ठेवून खायला बघायचे. इतक्या वर्षांची सवय, पापण्या मिटायला यायच्या आणि काका त्या ताणून धरायचे. घास तोंडात नि डोळे वटारलेले. लहान मुलं भ्यायची. काकी म्हणायच्या, "गवा दिसल्यासारखं काय बघतोस, खा की सरळ." मला बायका विचारायच्या, तू काय बघतेस गो एवढं? मी सांगायचे, काही नाही, पाणी कोण देतं आणि दिल्यावर मान वर होते की नाही.

सोनलचं लग्न पुढे पाचाडच्या मुलाशी झालं. त्याची भाकरी पाहून काकांनाही दया आली असेल. एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने कोळसा. चूल धुमसत होती, आणि तो खोकत खोकत आईला म्हणत होता, "आई, तू बाहेर बस, धूर लागतोय तुला. मी करतो ना, होईल." काकांनी घास गिळला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "हो," काका म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

शेवटी शेवटी काकांचं चालणं बंद झालं. काकींचे गुडघेही गेले होते. मी डबा द्यायचे. एके दिवशी माझं अंग दुखत होतं, तर हे म्हणाले, मी नेतो. मला वाटलं डबाच नेणार. बघते तर चुलीपुढे बसले. मी सांगायला गेले तर म्हणाले, "तू बोलू नको. तू सांगितलंस तर तुझी होईल."

कशीबशी भाकरी झाली. महाड तालुक्याच्या नकाशासारखी. ताट घेऊन हे पुढे आणि मी मागे, अशी काकांकडे गेलो. काकांनी भाकरीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. पहिल्यासारखे, निवांत.

काकी म्हणाल्या, "उघड डोळे. फसशील परत."

डोळे न उघडता काका म्हणाले, "तुम्ही दोघी हायात ना बघायला."

खाऊन झाल्यावर हे उठले. काकांचं ताट उचललं, काकींच्या हातातला पेलाही घेतला, आणि आत बाहेर बघत मला विचारलं, "मोरी कुठे आहे गं यांची?" इतकी वर्षं शेजारी राहून ह्यांना मोरी माहीत नव्हती. मी हाताने दाखवली. आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. बराच वेळ येत होता.

काकींनी विचारलं, "काय गो, कसं काय?"

मी म्हटलं, "हो."